पुस्तकांची मोजदाद आणि उघडी कपाटे

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी या शाळेत ग्रंथालयाचा पाया घातला तेव्हा गोत्री हे बडोद्याच्या पश्चिमेचे, शेतांनी वेढलेले एक खेडे होते. आज शेते गेली, गोत्री शहरात मिसळून गेले. ग्रंथालय मात्र आहे. या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाला रेडिओ लहरींनी ओळख पटविणारी चिठ्ठी, म्हणजे ज्याला आर.एफ.आय.डी. टॅग म्हणतात तो लावावा, असा प्रस्ताव सध्या संस्थेपुढे आहे. त्याविषयी मी आज बोलावे, अशी विश्वस्तांची इच्छा. विषय तंत्रज्ञाचा आणि वक्ता मराठीचा, ही जोडी काहींना विजोड वाटेल. परंतु माझे आयुष्य ग्रंथालयांत गेले आहे. पुस्तके मोजण्याची रीत बदलली की पुस्तके देण्याची रीतही बदलते, हे मी पाहिले आहे. म्हणून यंत्राची थोडी ओळख करून घेऊन, त्याच्याकडून आपण काय मागावे आणि काय मागू नये, एवढाच विचार मी आपल्यासमोर मांडणार आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करतो. ‘यादी’ हा शब्द आपण रोज वापरतो. वाण्याची यादी, पाहुण्यांची यादी, पुस्तकांची यादी. हा शब्द फारसीतील ‘याद’ या शब्दावरून आपल्याकडे आला, आणि याद म्हणजे स्मरण. विसरू नये म्हणून जे लिहून ठेवायचे, ती यादी. मोजणे हा यादीचा एक उपयोग झाला; तिचा मूळ हेतू आठवण ठेवणे हा आहे. यंत्राच्या हाती मोजणी सोपवताना हा मूळ हेतू कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

मराठी राज्यकारभाराला मोजदादीचे महत्त्व चांगले ठाऊक होते. शिवकालीन व्यवस्थेत अठरा कारखान्यांचा उल्लेख येतो. कोठी, जामदारखाना, शिलेखाना अशा प्रत्येक ठिकाणच्या वस्तूंचा हिशेब वेगळा असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील संग्रह कसा राखावा याचा काळजीपूर्वक विचार केलेला आढळतो. ‘झाडा देणे’, ‘झाडा घेणे’, ‘झाडाझडती’ हे शब्द याच जगातले. वस्तू ज्याच्या ताब्यात, त्याने तिचा झाडा द्यायचा. या शब्दांत जबाबदारी आहे, आणि थोडे भयही आहे. हे भय पुढे आपल्या ग्रंथालयांच्या कपाटांत कसे शिरले, ते मी सांगणारच आहे.

त्याआधी आपल्या शहराचे स्मरण केले पाहिजे. ग्रंथालयांविषयी बडोद्यात बोलायचे आणि श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांचे नाव घ्यायचे नाही, असे होऊ शकत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा १८७५ साली गादीवर आला. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला मनुष्य पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यातून ओघानेच आला. त्याच १९०६ साली महाराजांनी अमेरिकेचा प्रवास केला, तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. तीन वर्षांत या गृहस्थाने मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धती तयार केली आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. बॉर्डननंतर या कामाची धुरा वाहणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला.

या व्यवस्थेतील दोन गोष्टी आजच्या विषयाशी निगडित आहेत. पहिली, फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात, तेथे वाचल्या जात आणि परत येत. कोणती पेटी कोठे आहे आणि तिच्यात काय आहे, याची नोंद नसती तर ही योजना महिनाभरही चालली नसती. म्हणजे नोंद होती म्हणून पुस्तक घराबाहेर पडू शकले. दुसरी गोष्ट, मुक्तद्वार पद्धत. वाचकाने खिडकीशी उभे राहून चिठ्ठी द्यायची आणि आत कोणीतरी पुस्तक शोधून आणायचे, ही रीत सोडून वाचकाला थेट फडताळापर्यंत जाऊ देण्याचे धैर्य बडोद्याने दाखवले. पुस्तक हाताळल्याशिवाय त्याची भूक लागत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

असे असता आपल्या शाळा-महाविद्यालयांतील कपाटे बंद का झाली? याचे उत्तर झाडा देण्याच्या भयात आहे. मी अध्यापनाला लागलो त्या सुमारास एका महाविद्यालयात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, एक अत्यंत सज्जन ग्रंथपाल होते. वर्षअखेरच्या पडताळणीत जेवढी पुस्तके कमी भरत, तेवढ्यांची किंमत त्यांच्या पगारातून कापली जाई. परिणाम व्हायचा तोच झाला. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला लागला तो निवृत्तीपर्यंत सुटला नाही. विद्यार्थी काचेतून पुस्तकांच्या पाठी पाहत. पडताळणीत सर्व पुस्तके बरोबर भरत, कारण ती कोणी नेलेलीच नसत. हिशेब चोख, आणि ग्रंथालय निरुपयोगी. दोष त्या गृहस्थांचा नव्हता. ज्याने पुस्तक द्यायचे त्यालाच त्याच्या हरवण्याबद्दल शिक्षा करणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष होता.

केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांनी या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण पडताळणी दरवर्षी व्हावी. वीस ते पन्नास हजारांपर्यंत तीन वर्षांतून किमान एकदा व्हावी. त्याहून मोठ्या संग्रहाची तीन वर्षांच्या आत नमुना-पडताळणी व्हावी. त्याच नियमात असेही आहे की, वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे वा हलगर्जीपणामुळे झालेली नसेल तर, वाजवी समजावी. हजार रुपयांहून अधिक किमतीचा ग्रंथ किंवा दुर्मिळ ग्रंथ गेला तर मात्र चौकशी व्हावी. हे नियम आपल्या शाळेला बंधनकारक नसतील, पण त्यांतील दृष्टी घेण्यासारखी आहे. हानीचे प्रमाण वाचल्या गेलेल्या पुस्तकांवर मोजले आहे, कपाटात असलेल्या पुस्तकांवर नव्हे. वर्षात सहा हजार वेळा पुस्तके दिली गेली असतील, तर तीस पुस्तकांची हानी क्षम्य. एकही दिले गेले नसेल, तर एकही हानी क्षम्य नाही.

आता पडताळणीचे प्रत्यक्ष काम पाहू. समजा, शाळेत आठ हजार पुस्तके आहेत. प्रत्येक पुस्तक काढायचे, दाखलांक पाहायचा, नोंदवहीत खूण करायची आणि पुस्तक परत ठेवायचे. एका पुस्तकाला अर्धा मिनिट धरला तरी चार हजार मिनिटे, म्हणजे सहासष्ट तासांहून अधिक वेळ लागतो. रोज पाच तास काम केले तर तेरा-चौदा दिवस. आणि तेवढे दिवस देवघेव बंद. नव्या यंत्राचा प्रस्ताव येतो तो या ठिकाणी.

हे यंत्र चालते कसे, ते विद्यार्थ्यांसाठी थोडे उलगडून सांगतो. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक पातळ चिकटपट्टी लावतात. तिच्यात धातूच्या अतिशय बारीक पट्टीचे वेटोळे असते आणि मध्ये मोहरीएवढीही नसलेली एक चिप असते. तिला विजेचा घट, म्हणजे बॅटरी नसते. वाचकयंत्र जवळ आले की त्याच्याभोवतीच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेला हा प्रवर्तनाचा नियम तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकताच. त्या क्षणभराच्या विजेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. यंत्र दूर गेले की ती पुन्हा निजते. ग्रंथालयांत बहुधा सेकंदाला १३.५६ दशलक्ष कंपनांची लहर वापरतात. ती जवळच्या अंतरावर काम करते. गोदामांत आणि रस्त्यांवर याहून पुष्कळ अधिक कंपनसंख्येच्या लहरी वापरतात. भारतात त्यांच्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, आणि त्या काही मीटरपर्यंत पोचतात. मोटारीच्या काचेवरचा फास्टॅग हा त्यांतलाच. त्याचा पहिला प्रयोग २०१४ साली अहमदाबाद-मुंबई मार्गावर, म्हणजे आपल्या बडोद्यावरूनच जाणाऱ्या रस्त्यावर झाला आणि फेब्रुवारी २०२१ पासून तो राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी सक्तीचा झाला.

या विद्येचा उगम युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात आकाशातून येणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी विमानावर उत्तर देणारे यंत्र बसवीत. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींच्या द्वारे संदेश पाठविण्याविषयी निबंध लिहिला. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत त्याच्या उपयोगाची एकस्वे, म्हणजे पेटंटे दिली गेली. १९९८ मध्ये सिंगापूरच्या बुकित बाटोक येथील सार्वजनिक ग्रंथालयात हे तंत्र पुस्तकांना लावले गेले. शत्रूमित्रांची पारख करण्यासाठी जन्मलेली ही युक्ती अर्ध्या शतकात मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात जाऊन बसली!

आपल्या परिचयाचा बारकोड आणि हा टॅग यांत फरक कोणता? येथे व्याकरणाचा मास्तर थोडा उपयोगी पडेल. दुकानातल्या साबणाच्या वडीवरचा बारकोड हे सामान्यनाम आहे. तो सांगतो, ‘ही अमुक कंपनीची अमुक वजनाची वडी.’ त्या जातीच्या सर्व वड्यांवर तोच बारकोड. टॅगमधला क्रमांक हे विशेषनाम आहे. तो त्या एकाच वस्तूचा असतो. व्यापाराच्या जगात ही मोठी क्रांती ठरली. मालाचा प्रत्येक नग गोदामातून दुकानापर्यंत वेगळा ओळखता येऊ लागला. ग्रंथालयांना मात्र यात नवल वाटण्याचे कारण नाही. दाखलनोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखलांक देण्याची रीत फार जुनी आहे. एकाच कादंबरीच्या तीन प्रती असल्या तर त्यांना तीन अंक. पुस्तकाला विशेषनाम देण्याची ही सभ्यता ग्रंथपालांनी व्यापाऱ्यांच्या कितीतरी आधी पाळली. टॅगने केले ते एवढेच की, ते नाव डोळ्यांना न दिसताही वाचता येऊ लागले. बारकोड वाचण्यासाठी पुस्तक काढून यंत्रापुढे धरावे लागते. टॅगसाठी हातातले यंत्र ओळीवरून फिरवले की पुरे.

पण एका ओळीतली पन्नास पुस्तके एकदम बोलू लागली तर? वर्गात सर्वांनी एकदम ‘हजर’ म्हटले तर बाईंना काय ऐकू येणार? यावरची युक्ती मौजेची आहे. यंत्र जणू म्हणते, ‘प्रत्येकाने मनात एक अंक धरा. मी अंक मोजत जाईन. ज्याचा अंक येईल त्याने बोलावे.’ दोघांनी एकच अंक धरला तर त्यांचे बोलणे एकमेकांत मिसळते. त्यांना पुढच्या फेरीत पुन्हा अंक धरायला सांगतात. असे करीत काही क्षणांत सर्वांची हजेरी लागते. या हजेरीत आणखी एक लाभ होतो. इतिहासाच्या ओळीत भूमितीचे पुस्तक घुसले असेल तर यंत्र ते तत्काळ सांगते. चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक हे हरवलेल्या पुस्तकासारखेच असते. फरक इतकाच की, त्याच्यासाठी कोणी शोक करीत नाही.

या तंत्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पातळ पुस्तके, विशेषतः आपले कवितासंग्रह, एकमेकांना चिकटून उभे असले आणि सर्वांचे टॅग एकाच उंचीवर असले, तर ते एकमेकांच्या आड येतात. म्हणून टॅग थोडे वरखाली लावावे लागतात. जुन्या, ठिसूळ कागदाला चिकटपट्टीचा डिंक अपाय करतो. दुर्मिळ ग्रंथाला किंवा पोथीला टॅग कदापि चिकटवू नये, तो तिच्या पेटीला लावावा. ज्या शहरात प्राच्यविद्यामंदिराच्या हस्तलिखितांचा वारसा आहे, तेथे हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. आणि सर्वांत मोठी मर्यादा धातूची. लोखंडी पत्र्याच्या बंद कपाटात ठेवलेल्या पुस्तकापर्यंत ही लहर पोचत नाही. ज्या फॅरडे यांच्या नियमाने टॅग जागा होतो, त्याच फॅरडे यांनी १८३६ मध्ये धातूच्या बंद आवरणाच्या आत बाहेरच्या विद्युत्क्षेत्राचा प्रभाव पोचत नाही, हे प्रयोगाने दाखवले होते.

मित्रहो, या गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. हजारो रुपये खर्चून आपण टॅग लावले आणि कपाटाला कुलूप तसेच ठेवले, तर पुस्तके मोजण्यासाठीसुद्धा दार उघडावेच लागेल. कुलूप हे हिशेबाचे साधन आहे, ही आपली जुनी समजूत. नव्या यंत्रापुढे ते हिशेबाच्या आड येते. दाराशी बसवलेली चौकट न नोंदवलेले पुस्तक बाहेर जाताना आवाज देणार असेल, आणि तेरा दिवसांची पडताळणी एक-दोन दिवसांत होणार असेल, तर कपाट बंद ठेवण्याचे एकही कारण उरत नाही. या यंत्राचा खरा लाभ मला हा दिसतो. चोरी थांबेल म्हणून मी त्याचे स्वागत करीत नाही. निश्चयाने चोरणारा टॅग फाडूनही नेईल. ग्रंथपालाच्या मनातले भय थांबेल आणि त्याचा जुडगा सुटेल, म्हणून मी त्याचे स्वागत करतो. टॅग लागले आणि कपाटे उघडली नाहीत, तर तो खर्च व्यर्थ गेला असे मी समजेन.

आता दुसरी बाजू. या यंत्राला इंग्रजीत ‘रीडर’ म्हणतात. तो वाचतो खरा, पण एक अंक वाचतो. तुकोबांची गाथा काय आणि रेल्वेचे वेळापत्रक काय, त्याला दोन्ही सारखीच. तरीही त्याच्याजवळ एक माहिती अचूक साठते. कोणते पुस्तक किती वेळा बाहेर गेले, आणि कोणते दहा वर्षांत एकदाही हलले नाही, हे तो बटण दाबताच सांगतो. ही यादी शाळेच्या व्यवस्थापनापुढे येईल तेव्हा काय होईल, याची मला चिंता आहे.

या चिंतेला कारण आहे. काही वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक मराठी निबंधसंग्रह मिळाला. आत एका ग्रंथालयाचा शिक्का होता आणि त्यावर ‘बाद’ असा दुसरा शिक्का. देवघेवीच्या चिठ्ठीवर कैक वर्षांत एकही तारीख नव्हती. नियमाप्रमाणे सारे योग्यच झाले होते. न हललेले पुस्तक जागा अडवते, म्हणून ते बाद केले. परंतु बडोद्यात मराठी पुस्तक का हलत नाही? येथे मराठी घरांतील मुले गुजरातीत बोलतात, इंग्रजीत शिकतात आणि मराठी केवळ आजीशी बोलण्यापुरती ठेवतात. ज्या संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ काढून मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले कारभाराचे शब्द शेजारी शेजारी मांडले, त्या शहरात एक भाषा दुसरीला दूर लोटते असे मी मानत नाही. पण जिची ओळख कोणी करून देत नाही, ती भाषा मुलाच्या हाती आपोआप येत नाही. दहा वर्षे न हललेले पुस्तक निरुपयोगी आहे, की दहा वर्षांत ते मुलांना कोणी दाखवलेच नाही, याचे उत्तर यंत्र देऊ शकत नाही. अंक दोन्हीकडे शून्यच येतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, न हललेल्या पुस्तकांची यादी ही बाद करण्याची यादी समजू नये. ती आठवण करून देण्याची यादी समजावी. ‘यादी’ या शब्दाचा अर्थच तो आहे. त्या यादीतले एक पुस्तक दर आठवड्याला एका शिक्षकाने प्रार्थनेनंतर पाच मिनिटे मुलांपुढे मांडावे. त्यातला एखादा प्रसंग सांगावा आणि पुस्तक तेथेच टेबलावर ठेवावे. वर्षाला तीस-पस्तीस पुस्तके अशी हलतील. इतके करूनही जे पुस्तक कोणी उचलणार नाही, ते बाद करण्याचा विचार मग करावा. आणि तोही कोणा जाणकाराला दाखवून.

दुसरी सूचना, पुस्तकाला टॅग लावावा, मुलाला लावू नये. ज्याला हा उपाय पुस्तकांसाठी सुचतो, त्याला तो उद्या विद्यार्थ्यांसाठीही सुचतो. अमेरिकेत टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो येथे २०१२ साली काही शाळांनी असे टॅग असलेली ओळखपत्रे मुलांना दिली. त्यावरून वाद झाले, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये शाळांनी ती योजना सोडून दिली. वस्तूचा झाडा घ्यायचा असतो, माणसाला विश्वासाने वागवायचे असते. तसेच पुस्तकाच्या टॅगवर केवळ दाखलांक असावा. वाचणाऱ्याचे नाव नसावे, कारण लहर दप्तरातूनही पार जाते. पुस्तक परत आले की कोणी काय वाचले ही नोंदही पुसून टाकावी. कितीदा वाचले गेले, एवढा अंक ठेवावा. चौदा वर्षांच्या मुलाने कोणते पुस्तक नेले हे त्याचे खाजगी धन आहे. आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीविषयी पालकांच्या संमतीची विशेष अट आहे. पण कायदा नसता तरी शाळेने हा संकोच पाळायलाच हवा होता.

तिसरी सूचना व्यवहाराची आहे. एकेका टॅगची किंमत थोडी असते. वाचकयंत्रे, दाराची चौकट आणि संगणकाची व्यवस्था यांचा खर्च मोठा असतो. म्हणून विक्रेत्याशी करार करताना टॅगमधील माहितीची मांडणी आय.एस.ओ. २८५६० या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार असावी, असा लेखी आग्रह धरावा. ग्रंथालयांसाठीचे हे प्रमाण २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाळले नाही तर एका विक्रेत्याचे टॅग दुसऱ्याच्या यंत्राला वाचता येणार नाहीत आणि शाळा कायमची त्याच्या दाराशी बांधली जाईल. पैसे कमी असतील तर चौकटीची घाई नको. आधी रोज हाताळली जाणारी पुस्तके घ्यावीत, एक हातयंत्र घ्यावे आणि पुढचे पुढे पाहावे.

चौथी सूचना, दाखलनोंदवही मोडीत काढू नये. तिच्या शेवटच्या रकान्याला आपण ‘शेरा’ म्हणतो. या शाळेची जुनी वही मी परवा पाहिली. गुरुजींच्या ठसठशीत अक्षरात त्या रकान्यात लिहिले आहे: ‘वडिलांच्या स्मरणार्थ माजी विद्यार्थ्याकडून’, ‘पान गहाळ, हाताने नकलून जोडले’, ‘पावसात भिजले, वाळवून घेतले’. टॅगच्या चिपेत अंक मावतो, शेरा मावत नाही. त्या शेऱ्यांत या ग्रंथालयाचा इतिहास आहे. नव्या व्यवस्थेत ते शेरे उतरवून घ्यावेत आणि मूळ वही जपून ठेवावी. यंत्रे दर दहा-पंधरा वर्षांनी बदलतील. शाईने लिहिलेली वही वाचायला दुसरे यंत्र लागत नाही.

शेवटची गोष्ट वेळेची. पडताळणीचे तेरा दिवस वाचले, तर ते कोणाचे? व्यवस्थापनाने त्या दिवसांत ग्रंथपालबाईंना परीक्षेचे कागद मोजायला बसवले, तर या खर्चाचे काही फळ मिळाले नाही. ते दिवस मुलांचे आहेत. त्या वेळात त्यांनी मुलांना फडताळांजवळ न्यावे, कोणाला काय आवडते ते विचारावे आणि एखाद्या लाजऱ्या मुलाच्या हाती त्याला नेमके हवे ते पुस्तक ठेवावे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्याला स्वतंत्र स्थान आहे. ग्रंथपालाचा वेळ वाचला तर तो वाचकाकडेच वळला पाहिजे, एवढे मी त्यांच्या विचारात जोडू इच्छितो.

प्रस्ताव स्वीकारावा की नाही, हे ठरविणे विश्वस्तांचे काम आहे. माझे मत विचाराल तर या अटींवर तो अवश्य स्वीकारावा. आणि टॅग यायला वर्ष लागणार असेल, तर कपाटांची कुलुपे काढायला तेवढे थांबण्याचे कारण नाही. वर्षाला दहा-वीस पुस्तके जातील; त्यांचा शेरा वहीत लिहून घ्यावा. गुरुजींनी हे ग्रंथालय मुलांच्या हाती पुस्तके पडावीत म्हणून उभे केले, याचा विसर आपल्याला पडू नये.